विश्लेषण : केळीच्या एका मुनव्यातून शेकडो रोपे होतात, मग माणसाचा गुडघा का होत नाही?

उजनी धरणाच्या फुगवट्यालगत इंदापूर तालुक्यात केळी लावायची म्हटली, की शेतकरी आता शेजाऱ्याच्या बागेतून मुनवे आणत बसत नाही. तो रोपवाटिकेत ऊतीसंवर्धित ‘ग्रँड नैन’ची रोपे आगाऊ नोंदवतो. सहा बाय पाच फुटांवर एकरी साधारण १४५० रोपे बसतात आणि ती सगळी मागेपुढे न होता एकाच वेळी निसवावीत, अशी अपेक्षा असते. ही रोपे बियांपासून झालेली नसतात. मुनव्याच्या आतल्या शेंड्याचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून ती तयार केलेली असतात. त्या तुकड्यात वनस्पतीच्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल असतात.

हाच शब्द बारामती-इंदापूरच्या घराघरांत मोबाइलवर वेगळ्याच वाटेने येतो. बाळंतपणाची तारीख जवळ आली की नाळेतले रक्त साठवून ठेवा, असे सांगणारे फोन येतात. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजीसाठी ‘स्टेम सेल इंजेक्शन’ची जाहिरात दिसते. केळीच्या एका मुनव्यातून शेकडो झाडे उभी राहत असतील, तर झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा का उगवू नये, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पेशी आपापल्या कामात तरबेज कशा होतात आणि ते काम सोडून त्यांना मागे फिरता येते का, यात आहे.

उसाच्या डोळ्यात काय असते?

सुरुवात उसापासून केलेली बरी, कारण मूलपेशी रोज हाताळणारा माणूस म्हणजे उसाची लागण करणारा. कांडीवरच्या प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो आणि त्याच्या शेजारी मुळांच्या ठिपक्यांचा पट्टा. डोळा उभा चिरून भिंगाखाली पाहिला तर आत खवल्यांनी झाकलेला एक इवलासा शेंडा दिसतो. या शेंड्यावरच्या पेशींना शाळेच्या पुस्तकात ‘विभाजी ऊती’ म्हटले आहे. या पेशी साखर साठवत नाहीत, पाणी वाहून नेत नाहीत, उन्हातून अन्नही बनवत नाहीत. त्या फक्त विभागतात.

त्यातही एक शिस्त असते. अगदी टोकाच्या मध्यावर मोजक्या पेशी असतात. त्या विभागल्या की काही लेकी-पेशी तिथेच राहतात, आईसारख्याच. बाकीच्या कडेला ढकलल्या जातात आणि त्यांचे पान होते, कांडे होते, नवा डोळा होतो. मूलपेशी ओळखण्याच्या दोन खुणा याच. स्वतःसारखी पेशी मागे ठेवायची आणि दुसऱ्या कामाची पेशी पुढे पाठवायची. दोन्ही जमले तरच ती मूलपेशी.

उसाच्या डोळ्याची ताकद किती, हे ‘को ८६०३२’ या वाणावरून कळते. कोइमतूरला पैदास झालेला हा वाण १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी ‘नीरा’ नावाने प्रसारित झाला. सुरुवात बियापासून उगवलेल्या एकाच रोपाची. त्यानंतर सगळी वाढ डोळ्यांतून, बेण्याच्या वाटेने झाली. म्हणजे सोमेश्वर, माळेगाव किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या गाळपाला येणारा या वाणाचा प्रत्येक ऊस हा त्या एकाच रोपाचा विस्तार आहे. रोप कधीच संपले, त्याच्या मूलपेशींची वंशावळ मात्र अजून फडात उभी आहे.

माहिती सगळ्यांत तीच, मग काम वेगळे कसे?

माणसाच्या शरीरात काही लाख कोटी पेशी आहेत आणि त्यांचे दोनशेहून अधिक प्रकार मोजले जातात. जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात तोच डीएनए असतो, सुमारे २० हजार जनुकांचा. इन्सुलिन बनवण्याची कृती स्वादुपिंडातल्या पेशीत लिहिलेली असते, तशीच ती डोळ्यातल्या आणि कातडीतल्या पेशीतही असते. उसाच्या पानाला हिरवे करणारी जनुके त्याच्या मुळाच्या पेशीतही असतात. फरक असतो तो कुठले जनुक चालू आणि कुठले बंद, एवढाच.

हे समजायला नीरा डाव्या कालव्याचे उदाहरण सोयीचे आहे. वीर धरणातून निघालेले पाणी बारामतीमार्गे इंदापूरकडे जाते. वाटेत फाटे फुटतात, फाट्याच्या चाऱ्या होतात, चारीचा पाट आणि पाटाच्या सऱ्या. पाणी सगळीकडे तेच, पण एकदा एखाद्या फाट्याला वळले की ते आपोआप मुख्य कालव्यात परतत नाही. कोणत्या सरीला पाणी मिळणार, हे दारे धरणारा ठरवतो. गर्भाच्या पहिल्या पेशी मुख्य कालव्यात असतात. वाढ होते तशा त्या कुठल्या ना कुठल्या फाट्याला लागतात. एक रक्ताच्या, एक मज्जातंतूच्या, एक हाडाच्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये हीच गोष्ट डोंगरउतारावरून घरंगळणाऱ्या गोटीचे चित्र काढून सांगितली होती. डोंगरापेक्षा कालवा इकडच्या वाचकाला जवळचा.

पेशीत दारे धरण्याचे काम काही प्रथिने करतात. ती डीएनएच्या ठराविक जागी बसतात आणि शेजारचे जनुक चालू किंवा बंद करतात. शिवाय डीएनएवर मिथिल नावाचे रासायनिक शिक्के बसतात. शिक्का बसलेला भाग बहुतेक वेळा गप्प राहतो. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, ती रिळे घट्ट झाली तरी तिथला मजकूर वाचता येत नाही. पेशी विभागते तेव्हा या खुणांचीही नक्कल होते. म्हणून यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच निघते.

पण पहिला हुकूम देतो कोण? बहुतेक वेळा जागा आणि शेजार. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. त्याच्या शेंड्याच्या मध्याखालच्या पेशी वरच्या पेशींना ‘तुम्ही मूलपेशीच राहा’ असा निरोप देतात. वरच्या पेशी उलट निरोप पाठवून त्या हुकमाला लगाम घालतात. हा हुकूम देणारे जनुक निकामी झाले तर शेंड्याचा साठा संपतो आणि वाढ खुंटते. लगाम सुटला तर शेंडा वेडावाकडा फुगतो. निरोप पोहोचेल त्या टप्प्याबाहेर ढकलली गेलेली पेशी पानाच्या किंवा खोडाच्या कामाला लागते.

तुरा आल्यावर ऊस का थांबतो?

फडात तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. तुऱ्यानंतर उसाची उंची वाढत नाही, वरच्या भागात दशी पडते, आणि काही दिवसांत कांडीवरचे डोळे फुटून पांगशा निघतात. तुरा म्हणजे दुसरे काही नसून शेंड्यावरच्या मूलपेशींनी घेतलेला शेवटचा निर्णय. दिवसाची लांबी आणि रात्रीचे तापमान ठराविक पट्ट्यात आले की शेंड्याला ‘आता फूल’ असा निरोप जातो. पाने आणि कांडी बनवणारा तोच शेंडा फुलोऱ्यात खर्ची पडतो. मागे कांडे बनवायला कोणी उरत नाही.

शेंडा शाबूत असतो तोवर तो ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली सोडतो आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. तुरा आल्यावर तो धाक संपतो, म्हणून पांगशा. बेण्यासाठी ऊस तोडून त्याच्या कांड्या केल्या की डोळे जागे होतात, त्याचेही एक मोठे कारण हेच.

या निर्णयाची एक गाजलेली कहाणी पुण्यात घडली आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे ‘एनसीएल’मध्ये ऊतीसंवर्धनाचे काम अनेक वर्षे चालले. जुन्या, वाढलेल्या सागाच्या झाडांपासून रोपे करण्याचे प्रयोग तिथे झाले. १९९० मध्ये नाडगौडा, पराशरमी आणि मस्करेन्हास यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात आला. फुलायला कित्येक दशके घेणारा बांबू त्यांच्या प्रयोगशाळेत, बाटलीत, काही महिन्यांत फुलला होता. संप्रेरकांचे मिश्रण बदलून शेंड्याचा निर्णय अलीकडे ओढता येतो, हे त्यातून जगाला दिसले.

डाळिंबाची गुटी काय सांगते?

केळी आणि उसात निदान तयार शेंडा असतो. डाळिंबाच्या गुटीत तोही लागत नाही. फांदीवरची साल अंगठीसारखी काढायची, मुळे फुटण्यासाठी आयबीए लावायचे, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचे. काही आठवड्यांत मुळे फुटतात. ही मुळे आली कुठून? जखमेजवळच्या ज्या पेशी काल फांदीच्या कामात होत्या, त्यांनीच ते काम सोडले, पुन्हा विभागायला सुरुवात केली आणि मूळ बनवायला घेतले. म्हणजे वनस्पतीची पेशी फाट्यावरून मुख्य कालव्याकडे मागे फिरू शकते. इंदापूरच्या डाळिंब पट्ट्यात ही गोष्ट कात्री आणि सुतळीने सिद्ध होते.

शास्त्रात ती सिद्ध व्हायला मात्र अर्धे शतक गेले. ऑस्ट्रियाचे गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये म्हटले होते की वनस्पतीच्या एका पेशीपासून पूर्ण झाड व्हायला हवे. त्यांना स्वतःला ते जमले नाही. १९५७ मध्ये अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवले की ऑक्सिन जास्त ठेवले तर मुळे येतात, सायटोकायनिन जास्त ठेवले तर कोंब येतात, आणि दोन्ही मध्यम ठेवले तर नुसताच पेशींचा गोळा वाढतो. पुढच्याच वर्षी एफ. सी. स्ट्युअर्ड यांनी गाजराच्या मुरलेल्या पेशींपासून रोपे वाढवली. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि एस. सी. माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून रोपे मिळवली. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीची ती सुरुवात होती.

गुटीची एक अडचण शेतकऱ्यांना चांगलीच ठाऊक आहे. मातृवृक्षाला तेल्या असेल तर तो गुटीबरोबर नव्या बागेत येतो. ऊतीसंवर्धित रोप स्वच्छ निघाले तरी पावसाळी हवेत शेजारच्या बागेतून तेल्या येऊ शकतो, हेही तितकेच खरे. रोप निरोगी असणे आणि रोगप्रतिकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीच्या बोलण्यात त्या हमखास एक होतात.

केळीच्या रोपांत वेगळे झाड का निघते?

केळीचे उभे दिसणारे खोड हे खरे खोड नव्हे, ते पानांच्या देठांची गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. शेंडा त्या गुंडाळीच्या पोटात दडलेला असतो. प्रयोगशाळेत निवडक मुनव्याचा हा शेंडा काढून निर्जंतुक करतात आणि साखर, क्षार, संप्रेरके घातलेल्या माध्यमावर ठेवतात. सायटोकायनिन वाढवले की शेंड्याभोवतीचे कोंब झोपेतून उठतात. कोंबांचा झुपका सुटा करून पुन्हा नव्या बाटल्यांत, असे दर काही आठवड्यांनी. दर फेरीत कोंबांची संख्या काही पटींनी वाढते. शेवटी ऑक्सिनच्या माध्यमावर मुळे आणतात, मग हरितगृह आणि शेडनेटमध्ये रोपे हवेला सरावतात.

यात दोन ठिकाणी गाडी घसरते. पहिली जागा विषाणू. १९५२ मध्ये फ्रान्सच्या मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियाच्या अगदी टोकाचा सूक्ष्म भाग वाढवून रोगट झाडापासून विषाणूमुक्त रोपे मिळवली. त्या टोकापर्यंत अन्नवाहिन्या पोहोचलेल्या नसतात, पेशी झपाट्याने विभागतात आणि विषाणूला तिथे सहसा ठाण मांडता येत नाही. पण व्यापारी उत्पादनात बरेचदा त्याहून मोठा तुकडा घेतला जातो, कारण सूक्ष्म टोक जगवणे कठीण असते. त्यामुळे ‘टिश्यू कल्चर आहे म्हणजे विषाणूमुक्त आहे’ हे समीकरण बरोबर नाही. मातृझाडाची आणि रोपांच्या तुकडीची चाचणी झाली असेल तरच तसे म्हणता येते. पर्णगुच्छ आणि कुकुंबर मोझॅकचे विषाणू रोपांमधून गेले तर एकाच मुनव्याचा दोष शेकडो खड्ड्यांत लावला जातो.

दुसरी जागा मूलपेशींच्या खुणांची. फेऱ्या फार झाल्या, संप्रेरकाचा डोस जास्त झाला, किंवा कोंब तयार शेंड्याऐवजी पेशींच्या गोळ्यातून फुटले, तर काही रोपे मूळ झाडासारखी निघत नाहीत. केळीत याचा नेहमीचा नमुना म्हणजे बुटके झाड. पाने आखूड, घड अडकलेला. कधी पानांवर चट्टे. शंभरात पाच रोपे अशी निघाली तर एकरात सत्तरहून अधिक झाडे झाली. रोपवाटिकेत ती ओळखू येतीलच असे नाही. ठिबक, खते, मजुरी होऊन काही महिने गेल्यावर ती उघडी पडतात. तोवर बिल जुने झालेले असते.

या बिघाडात कधी डीएनएच बदलतो, तर कधी डीएनए तोच राहून त्यावरचा शिक्का निघून जातो. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेलताडाचे. ऊतीसंवर्धनातून केलेले काही ताड अनेक वर्षांनी फळावर आले तेव्हा फळे विचित्र आकाराची निघाली आणि तेल घटले. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने कारण दाखवले. डीएनएच्या एका तुकड्यावरचा मिथिल शिक्का बाटलीतल्या वाढीत गळून पडला होता. त्या तुकड्याचे नाव शास्त्रज्ञांनी आधीपासूनच ‘कर्मा’ ठेवलेले होते.

म्हणूनच केळीत एका शेंड्यापासून किती फेऱ्या घ्यायच्या यावर मर्यादा पाळली जाते. ती साधारण आठच्या आसपास असते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतीसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था चालवली आहे. तीत प्रयोगशाळेची मान्यता वेगळी आणि रोपांच्या तुकडीचा विषाणू व एकसारखेपणाचा दाखला वेगळा असतो. रोपे घेताना मान्यतेची पाटी बहुतेक ठिकाणी दाखवली जाते. मागायचा असतो तो आपल्या तुकडीचा दाखला. उसातही तर्क तोच आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी ऊतीसंवर्धनातून स्वच्छ मूलभूत बेणे करतात, त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित. गवताळ वाढीने पोखरलेल्या फडातलेच बेणे वर्षानुवर्षे फिरवत राहिले तर प्रत्येक डोळ्याबरोबर रोगही फिरतो.

माणसात मूलपेशींचे प्रकार कोणते?

फलित अंड्याची पेशी सर्वक्षम असते. तिच्यापासून बाळही होते आणि बाळाला पोसणारी वारही. पुढच्या काही विभागणींपर्यंतच हे टिकते. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ पोकळ चेंडूसारखा होतो. बाहेरच्या थराची वार होणार असते आणि आतल्या छोट्या पुंजक्याचे बाळ. हा आतला पुंजका म्हणजे भ्रूणीय मूलपेशी. त्यांच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते, पण त्यांना एकट्याने वार बनवून बाळ वाढवता येत नाही. गोठ्याशी संबंध असलेल्यांना हा टप्पा परका नाही. गायींच्या भ्रूण प्रत्यारोपणात साधारण सातव्या दिवशीचा भ्रूण घेतात, तो याच वयाचा असतो. तो नीट मधोमध कापला तर दोन जुळी वासरे होऊ शकतात, कारण आतल्या पेशींनी अजून फाटा धरलेला नसतो. माणसाच्या भ्रूणीय मूलपेशी प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या त्या अमेरिकेच्या जेम्स थॉमसन यांनी, १९९८ मध्ये.

जन्मानंतर उरतात त्या वयस्क मूलपेशी. नाव वयस्क असले तरी त्या लहान मुलांतही असतात. त्या एका फाट्याला लागलेल्या असतात, पण त्या फाट्यावरच्या सगळ्या चाऱ्यांना पाणी देऊ शकतात. अस्थिमज्जेतली रक्ताची मूलपेशी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका बनवते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे शरीराला दर सेकंदाला जवळपास २० लाख नव्या तांबड्या पेशी लागतात. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते, कातडी काही आठवड्यांत. बुबुळाच्या कडेलाही अशा पेशी असतात आणि त्या पारदर्शक पटलाचा वरचा थर राखतात. गुडघ्याच्या कूर्चेत मात्र ही सोय जवळजवळ नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, पेशी विरळ असतात आणि त्या क्वचितच विभागतात. गुडघा झिजतो आणि भरून येत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

माणसाची पेशी मागे फिरते का?

आपणहून फिरत नाही. प्राण्यांच्या शरीरासाठी ते धोक्याचेच ठरले असते, कारण आपले काम विसरून विभागत सुटलेल्या पेशीला कर्करोग म्हणतात. वनस्पतीत पेशी भिंतीने जखडलेल्या असतात, एकीकडे गाठ आली तरी ती झाडभर पसरत नाही. प्राण्यात ती पसरते.

पण फिरवता येते, हे दाखवायला तीन टप्पे लागले. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्याच्या पेशीतले केंद्रक, आपले केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून टॅडपोल झाले. म्हणजे आतड्याच्या पेशीतला मजकूर पुसला गेलेला नव्हता, नुसती दारे बंद होती. १९९६ मध्ये स्कॉटलंडला डॉली मेंढी जन्मली, कासेच्या ऊतीतल्या पेशीपासून. त्यासाठी २७७ अंडी वापरली गेली आणि कोकरू झाले एक. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी अंड्याचाही आधार काढून टाकला. उंदराच्या कातडीच्या पेशीत त्यांनी फक्त चार जनुके घातली आणि ती पेशी भ्रूणीय मूलपेशीसारखी वागू लागली. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीतही ते साधले. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले.

या प्रेरित मूलपेशींनी भ्रूण वापरण्याचा नैतिक पेच बराच सोडवला, तरी धोका राहिला. चार जनुकांतले एक कर्करोगाशी जोडलेले आहे. आणि कुठल्याही फाट्याला न लागलेली पेशी तशीच शरीरात सोडली तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. तिच्यात केस, दात, हाडाचे तुकडेही सापडतात. म्हणून आधी त्यांना प्रयोगशाळेत नेमक्या कामाला लावावे लागते. २०१४ मध्ये जपानमध्ये अशा पेशींपासून केलेला दृष्टिपटलाचा पातळ थर पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. थर बसवणे आणि अख्खा सांधा किंवा मूत्रपिंड उभारणे यात फार अंतर आहे. केळीचा कोंब आपला आराखडा स्वतः पुरा करतो. माणसाचा अवयव गर्भात असताना, शेजारच्या ऊतींच्या निरोपांवर, महिनोन्‌महिने घडत जातो. सुईने सोडलेल्या पेशीला तो शेजार पुन्हा मिळत नाही.

नाळेचे रक्त आणि गुडघ्याचे इंजेक्शन, खरे किती?

मूलपेशींचा सर्वांत जुना आणि पक्का उपचार रक्ताचा आहे. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया यांत ते प्राण वाचवते. आता बहुतेक वेळा हाडात सुई घालावीही लागत नाही, दात्याला औषध देऊन मूलपेशी रक्तात आणतात आणि तिथून गोळा करतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

नाळेच्या रक्तातही याच रक्ताच्या मूलपेशी असतात. त्यांची सार्वजनिक पेढी असेल तर त्या कोणाही जुळणाऱ्या रुग्णाला उपयोगी पडतात. पालकांना सांगितले जाते ते वेगळे असते, की हे आपल्या बाळासाठी आयुष्यभराचे संरक्षण आहे. बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्याच नाळेतल्या मूलपेशींतही तोच दोष असतो. रक्ताच्या कर्करोगातही स्वतःचे नाळेचे रक्त सहसा वापरत नाहीत. शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला अनेकदा पुरत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, अशा खासगी व्यापारी साठवणुकीची शिफारस करत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची २०१८ ची भूमिकाही तीच आहे. घरात आधीच्या मुलाला प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल, तर पुढच्या बाळाचे नाळेचे रक्त त्याच्यासाठी ठेवणे हा मात्र डॉक्टरांशी बोलून घ्यायचा रास्त निर्णय ठरतो.

गुडघ्याची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. अस्थिमज्जा किंवा चरबीतून काढलेल्या एका प्रकारच्या पेशी काचेच्या बशीत कूर्चेसारख्या होतात. गुडघ्यात सोडल्यावर त्यांतल्या बहुतेक फार काळ टिकत नाहीत. त्या सोडतात त्या रसायनांनी सूज आणि वेदना काही काळ कमी होऊ शकते. दात्याच्या अस्थिमज्जेतून बनवलेल्या अशा एका भारतीय औषधाला गुडघ्याच्या ठराविक टप्प्यातल्या झिजेसाठी २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. दुखणे कमी करून हालचाल सुधारणे हा त्याचा उद्देश आहे. झिजून गेलेला सांधा त्याने नव्याने उगवत नाही.

मान्यता मिळालेले औषध आणि दवाखान्यात तिथल्या तिथे चरबी काढून, घुसळून टोचलेला द्रव, या दोन्हींना जाहिरातीत एकच नाव असते. कायद्यात तसे नाही. २०१९ च्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांत मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ मानले आहे, म्हणजे त्याला मान्यता लागते. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, उपचार म्हणून सिद्ध न झालेला वापर नोंदणीकृत चाचणीतच करायचा असतो आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह अशा आजारांसाठी पैसे घेऊन ‘स्टेम सेल पॅकेज’ देऊ करणाऱ्यांना विचारायचा प्रश्न म्हणून साधा आहे. हे मान्य औषध आहे की चाचणी? औषध असेल तर त्याचे नाव आणि मान्यता, चाचणी असेल तर ‘सीटीआरआय’ क्रमांक. भारतीय चाचण्यांच्या या नोंदवहीत आजाराचे नाव टाकून मोबाइलवरही फुकट शोधता येते, आणि चाचणी कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या देखरेखीखाली चालू आहे हे तिथे लिहिलेले असते.